मार्लेश्वरची वाट, ज्येष्ठांच्या पावलांनी

रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख सोडून पूर्वेकडे निघाले की सुमारे १७ किलोमीटरांवर रस्ता संपतो. मारळ गावाच्या पुढे सह्याद्रीचे कडे उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याच्या झाडीतून दगडी पायऱ्यांची वाट वर चढत जाते. वाटेच्या शेवटी गुहेत श्रीमार्लेश्वर आहे, आणि गुहेजवळच कड्यावरून खाली झेपावणारा धारेश्वराचा धबधबा. त्याचे पाणी खाली उतरून बावनदीला मिळते. पावसाळ्यात या पाण्याचे रूप रौद्र असते. दिवाळीनंतर मात्र ते निवळते, आटोपशीर होते आणि त्याच्याकडे निवांत पाहत बसता येते. सकाळी जाऊन दुपारी परतावे, अशी ही छोटी जंगलसहल आहे. कोकणातील पुष्कळ घरांत तिला सहल म्हणत नाहीत, ‘देवाला जाऊन येणे’ म्हणतात, एवढाच फरक.

आपल्यापैकी अनेकांनी हे ठिकाण तरुणपणी पाहिले असेल. मकरसंक्रांतीला येथे देवाचे लग्न लागते. साखरप्याहून गिरिजादेवीची पालखी वधू म्हणून येते आणि मार्लेश्वराशी तिचा विवाह होतो. त्या यात्रेला डोक्यावर शिदोरी घेऊन चालत गेलेल्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मुंबईची मुले गावी आली की त्यांतील कोणीतरी दवाखान्यात रक्तदाब मोजून घेताना हळूच विचारते, “डॉक्टर, एकदा मार्लेश्वराला जाऊन येऊ का?” माझे उत्तर येण्याआधी शेजारी बसलेला मुलगा उत्तर देतो. ते उत्तर दोनपैकी एक असते: “कशाला उगाच? या वयात!” किंवा “काही होत नाही, आम्ही आहोत ना!” पहिल्या उत्तरात भीती आहे, दुसऱ्यात उत्साह. दोन्ही उत्तरे प्रेमापोटी दिलेली असतात, आणि दोन्ही देताना आईच्या पायांकडे कोणी पाहिलेले नसते.

वाचकहो, हा निर्णय वयाच्या आकड्यावर करू नये आणि सुट्टीच्या उत्साहावरही करू नये. तो महिनाभराच्या तयारीवर करावा, आणि त्यात चढण्याइतकाच, किंबहुना अधिक विचार उतरण्याचा करावा. या लेखात मुख्यतः तेच सांगायचे आहे.

मार्लेश्वरच्या पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. हा आकडा ऐकून घाबरू नये, तसा तो हसण्यावारीही नेऊ नये. शहरातील इमारतीचा एक मजला साधारण २० पायऱ्यांचा धरला, तर हे २५ मजले झाले. लिफ्ट बंद असताना पंचविसाव्या मजल्यावर जाऊन परत यायचे आहे, असे म्हटले की घरातील मंडळी योग्य तितकी गंभीर होतात. चढताना हृदयाला आणि फुप्फुसांना काम पडते. धाप लागते, नाडी वाढते. हे आपल्याला जाणवते, म्हणून आपण थांबतो. उतरताना श्वास ठीक असतो आणि तेथेच फसगत होते. विहिरीत जड बादली सोडताना दोर एकदम सोडून चालत नाही, तो हातातून हळूहळू सरकू द्यावा लागतो. तसेच उतरणाऱ्या माणसाच्या मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरत असतात. गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर प्रत्येक पायरीला शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक दाब येऊ शकतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईंच्या गुडघ्यावर १८० किलोहून अधिक, आणि तोही शेकडो वेळा. त्यात स्नायू थकलेले, दर्शन झाल्याच्या समाधानात मन सैल, पोटात भूक आणि खाली उभी असलेली गाडी नजरेत. जिन्यावरून पडणारी माणसे बहुधा उतरतानाच पडतात. सत्तरीत खुब्याचे हाड मोडणे ही केवळ हाडाची गोष्ट राहत नाही. त्यानंतर कित्येकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे हिंडता-फिरता येत नाही. म्हणून जितका दम असेल तितके चढून जायचे, हा तरुणांचा हिशेब येथे चालत नाही. जितके सुखरूप उतरता येईल तितकेच चढायचे.

ते किती, हे घरीच कळू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतो: दोन मजले न थांबता चढता का? हाच प्रश्न येथे पहिला. दोन मजले चढताना मध्येच थांबावे लागत असेल, छातीवर दडपण येत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सहलीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे. हे जमत असेल तर सराव सुरू करावा. गावाकडची घरे बहुधा बैठी. तेथे जिना नसतो, पण पाखाडी असते. घरापासून ओढ्यापर्यंत किंवा ग्रामदेवतेच्या देवळापर्यंत उतरणारी ती दगडी वाट म्हणजे सरावाची उत्तम जागा. पहिल्या आठवड्यात दिवसाआड ४० पायऱ्या चढाव्यात आणि उतराव्यात. दर आठवड्याला २० ते ३० पायऱ्या वाढवाव्यात. मधल्या दिवशी सपाट रस्त्यावर अर्धा तास चालावे. वेग असा असावा की चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. सोबतीला खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा करावा. मांडीच्या ज्या स्नायूंवर उतरण्याचा भार येतो, तेच यात तयार होतात.

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस साधारण १०० पायऱ्या चढून-उतरून, दहा मिनिटे बसून, पुन्हा तितक्याच चढता-उतरता आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे नेहमीपेक्षा अधिक दुखले नाहीत, तर मार्लेश्वरची वाट टप्प्याटप्प्याने चालून पाहण्यास हरकत नाही. येथे ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उतरण्याने आलेला स्नायूंचा ठणका त्या दिवशी फारसा जाणवत नाही. तो २४ ते ४८ तासांनी शिगेला पोहोचतो. संध्याकाळी “मला काहीच झालं नाही” म्हणणाऱ्या आजोबांना दोन दिवसांनी शौचाला बसताना काय झाले, ते विचारावे. मुंबईत मुलाकडे राहणाऱ्यांनी हा सराव इमारतीच्या जिन्यावर करावा. चार दिवसांच्या रजेवर आलेल्या चाकरमान्यांनी आदल्या रात्री “उद्या आईला घेऊन जाऊ” असे ठरवणे मला पटत नाही. हा बेत रेल्वेचे आरक्षण करतो त्याच दिवशी आईला फोनवर कळवावा. तिचा महिना आनंदात जाईल, हा वेगळा लाभ.

काही जणांनी मात्र या खेपेला चढू नये. अलीकडच्या आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, स्टेंट, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेले. श्रमाने छातीत दुखणारे. उताणे झोपल्यावर धाप लागणारे किंवा पायांवर सूज असलेले. चालताना शुद्ध हरपण्याचा अनुभव आलेले. रक्तदाब १८०/११० च्या घरात असलेले. गेल्या काही महिन्यांत वरचेवर पडलेले. आणि अंगात ताप किंवा जुलाबाचा अशक्तपणा असलेले. यांतील काहींचा नकार कायमचा नसतो, उपचारांनंतर तो होकारात बदलतो. तो निर्णय ज्यांच्याकडे आपले कागद आहेत त्या डॉक्टरांनी घ्यावा, लेख वाचून तो घेऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला गर्दी आणि गुहेतला काळोख गोंधळात टाकू शकतो. अशा व्यक्तीची केवळ चालण्याची ताकद पाहून भागत नाही.

आणि ज्यांनी चढायचे नाही त्यांनी घरीच बसावे, असेही नाही. देवरुखहून मारळपर्यंतचा रस्ता, थंडीतली सकाळ, समोर उभा ठाकलेला सह्याद्री आणि वाहते पाणी एवढ्यासाठीही गाडीत बसून यावे. मात्र त्यांना गाडीत एकटे ठेवून बाकीच्यांनी वर जाऊ नये. घरच्या एकाने खाली थांबायचे, हे निघण्यापूर्वी ठरवावे आणि त्याने ते तोंड वाकडे न करता करावे. पायथ्याशी ‘मी थांबतो’, ‘नको, तू जा’ असा वाद सुरू झाला की ज्येष्ठ माणूस अपराध्यासारखा होतो, आणि पुढच्या वेळी तो “मला कुठेच यायचं नाही” म्हणू लागतो. हे वाक्य दवाखान्यात फार वेळा ऐकू येते. त्याचे कारण गुडघ्यांत शोधले जाते. ते पुष्कळदा अशा एखाद्या सहलीत असते.

याच संदर्भात एक हकिगत. माझ्याकडे नियमित येणाऱ्या ७४ वर्षांच्या एका आजींना मधुमेह आहे आणि उजव्या गुडघ्याची झीज झालेली आहे. मुलाचा फोनवरून ठाम नकार होता. त्या म्हणाल्या, “दर्शनाचं राहू द्या. लग्नाआधी तिथलं पाणी पाहिलं होतं, ते परत ऐकायचंय.” महिनाभर त्यांनी रोज संध्याकाळी देवळाची पाखाडी केली आणि ९० पायऱ्यांपर्यंत पोहोचल्या. पुढे गुडघा कुरकुरू लागला. मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोरासमोर बसवून एक करार करायला लावला: २०० पायऱ्या किंवा पाऊण तास, जे आधी होईल तेथून मागे फिरायचे, वर काहीही असो आणि सोबतचे कितीही आग्रह करोत. त्या गेल्या, ठरल्या जागी थांबल्या, पाण्याचा आवाज येत होता तेथे बराच वेळ बसल्या आणि परत आल्या. सून आणि नातू वर जाऊन आले; मुलगा त्यांच्याजवळ बसून राहिला. पुढच्या तपासणीला त्यांनी मला सांगितले, “पाणी ऐकलं. ह्याला पण ऐकवलं.” आजींच्या साखरेचा आकडा त्या दिवशी नेहमीपेक्षा बरा होता, पण मला तो लगेच पाहावासा वाटला नाही.

मागे फिरण्याची जागा आणि वेळ अशी घरीच ठरवावी. वाटेवर ठरवायला गेल्यास ‘आता थोडंच राहिलं’ या वाक्यापुढे कोणाचेही चालत नाही.

आता ऋतू आणि वेळ. जून ते सप्टेंबर ज्येष्ठांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पायऱ्यांवर शेवाळ असते, घाटमाथ्यावर झालेल्या पावसाने खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येऊ शकतो, आणि पायथ्याच्या डोंगरात दरडींचे भय असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी पुरेसे असते, हवा कोरडी असते. मार्चपासून धार बारीक होते आणि उकाडा वाढतो. संक्रांतीची यात्रा, महाशिवरात्र आणि सुट्टीचे सोमवार टाळून आठवड्यातला साधा दिवस निवडावा. गर्दीत आपल्या गतीने चालता येत नाही, मागच्यांची घाई आपल्या पायांत येते. सकाळी आठच्या सुमारास पायथ्याशी असावे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत असल्यामुळे येथे ऊन उशिरा पोहोचते आणि चढण सावलीत होते. दुपारनंतर मात्र पश्चिमेचे ऊन डोंगरावर सरळ येते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि झाडीत त्याआधीच अंधारून येते. साडेअकरा-बारापर्यंत खाली उतरलेले असावे.

औषधांबद्दल थोडे तपशिलाने सांगतो, कारण सहलीच्या दिवशी सर्वाधिक गोंधळ त्यांचाच होतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते, आणि ती चढतानाच नव्हे तर त्या रात्रीही उतरू शकते. त्या दिवशीची मात्रा कमी करायची का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. देवाला जायचे म्हणून उपवास करून चढणे अशा रुग्णांनी कटाक्षाने टाळावे. सकाळी घावणे-चटणी किंवा भाकरी-भाजी असा साधा नाश्ता करून दीड-दोन तासांनी चढायला लागावे. घाम, थरथर, एकाएकी भूक, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले की तेथेच बसवून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे, आणि नंतर काही खायला द्यावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, मेटोप्रोलॉलसारख्या, छातीची धडधड झाकतात; त्यामुळे साखर उतरल्याची ती खूण अशा रुग्णांत मिळत नाही. घाम मात्र येतो.

दुसरा गोंधळ पाण्याचा आणि लघवीचा. वाटेत सोय होईल की नाही या चिंतेने अनेक आजी आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करतात, आणि कोणी आजोबा लघवीची गोळी परस्पर गाळतात. दोन्ही घातक आहे. पाणी कमी आणि गोळ्या चालू अशा स्थितीत उठून उभे राहताच रक्तदाब पडतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांना हा त्रास अधिक होऊ शकतो. त्यापेक्षा स्वच्छतागृहाची वेळ आखावी: देवरुखला एकदा आणि चढण्यापूर्वी पायथ्याशी चौकशी करून एकदा. लघवीची गोळी त्या दिवशी उशिरा घेता येईल का, हेही डॉक्टरांना विचारता येते. प्रत्येकाजवळ अर्धा लिटर पाण्याची बाटली असावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता ते घोटघोट प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. त्यांनी ते पाळावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळेही विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

तिसरी गोष्ट वेदनाशामकांची. “चढण्याआधी एक गोळी घेतली की गुडघा दुखत नाही” असा सल्ला पायथ्याशी हमखास मिळतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या उतारवयात, रक्तदाबाच्या औषधांबरोबर आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शिवाय थांबण्याची सूचना देणारी वेदनाच झाकली जाते. गोळी घेतल्याशिवाय जी वाट चालता येत नाही, ती त्या दिवशी आपली नाही असे समजावे.

पायांत रबरी, खोलवर नक्षी असलेल्या तळव्याचे आणि टाचेला घट्ट बसणारे बूट असावेत. नवे नकोत, सरावात वापरलेले हवेत. काठी घ्यावी. सरळ उभे राहून हात सैल सोडला असता मनगटाच्या घडीपर्यंत येईल इतकी तिची उंची असावी, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चढताना आधी चांगला पाय वर ठेवावा. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली टाकावा. एका पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची पायरी घ्यावी, यात कमीपणा काही नाही. चष्म्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ज्यांच्या चष्म्याच्या खालच्या भागात वाचनाचा नंबर आहे, त्यांना उतरताना खाली पाहिले की पायरीची कड धूसर दिसते आणि ती आहे त्यापेक्षा वर किंवा खाली भासते. सतत चालायचे असेल तेव्हा फक्त दूरच्या नंबरचा चष्मा वापरणे चांगले. दोनशे-तीनशे रुपयांची काटकसर करून जुन्या चष्म्यावर भागवणाऱ्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च एकदा विचारून पाहावा.

चढताना ५० पायऱ्यांमागे चार मिनिटे बसावे किंवा कठड्याला टेकून उभे राहावे. या हिशेबाने पूर्ण वाट साधारण तासाभरात होते. दीड तास लागला तरी बिघडत नाही. सोबत करणाऱ्याने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूस असावे. हात ओढून चढवू नये. ओढल्याने तोल उलट जातो. ज्येष्ठांनाच आपला दंड धरू द्यावा. गप्पा बसल्यावर माराव्यात, उतरताना नव्हे. मोबाईलवर चित्रीकरण करीत उतरणारी सोबत नसलेलीच बरी.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप किंवा थंड घाम आला, तर चढणे तेथेच थांबवावे. वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसती धाप आणि घाम एवढेच त्याचे रूप असते. त्याला ‘पित्त’ म्हणून सोडा-लिंबू देत बसू नये. ज्यांना सॉर्बिट्रेटची गोळी लिहून दिलेली आहे त्यांनी बसून ती जिभेखाली ठेवावी. दुसऱ्याची गोळी घेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, पण डोंगराच्या कुशीत सर्वत्र रेंज असेल असे धरून चालू नये. म्हणून कोठे रेंज आहे ते चढतानाच पाहून ठेवावे, आणि गाडीची किल्ली वर जाणाऱ्याच्या खिशात न ठेवता खाली थांबणाऱ्याकडे द्यावी. देवरुखला ग्रामीण रुग्णालय आहे; मोठ्या उपचारांसाठी रत्नागिरी गाठावी लागते. खिशात औषधांची यादी आणि आजारांची नावे लिहिलेली चिठ्ठी असावी.

वर पोहोचल्यावर लगेच गुहेत शिरू नये. बाहेर दहा मिनिटे बसावे. धारेश्वराची धार पाहण्यासाठी याहून चांगले निमित्त नाही. उंच कातळावरून पाणी सुटते, खाली येताना त्याचे तुषार होतात आणि वाऱ्याची झुळूक आली की ते गालांना लागतात. झाडीचा गारवा, ओल्या मातीचा वास आणि पाण्याचा अखंड नाद यांत नाडी हळूहळू उतरते. इच्छा असेल तर मनगटावर बोट ठेवून स्वतःच मोजून पाहावी. धबधबा पाहायचा तो कठड्याच्या अलीकडून. खाली डोहाकडे उतरण्याचा मोह नातवंडांनाही होऊ देऊ नये. भिजलेला कातळ कितीही सपाट दिसला तरी तेथे पाय ठरत नाही, आणि डोहाची खोली वरून कळत नाही.

गुहेत समयांचा मंद उजेड असतो. या गुहेत सर्पांचा वावर असतो, आणि त्यांना कोणी त्रास देत नाही. उजेडातून काळोखात गेल्यावर डोळे सरावायला उतारवयात पुष्कळ अधिक वेळ लागतो. दारातच मिनिट-दोन मिनिटे थांबून, भिंतीला किंवा सोबतीच्या दंडाला धरून, मान वाकवून आत जावे. वाकून नमस्कार केल्यावर झटकन उभे राहू नये. आधी सरळ बसावे, मग उठावे. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींना अनवाणी चालताना खडा टोचलेला किंवा दगड तापलेला कळत नाही. त्यांनी पादत्राणे शक्य तितकी दाराजवळ काढावीत आणि बाहेर आल्यावर तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत.

उतरायला लागण्यापूर्वी थोडे खावे; केळे, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर शेंगदाणे, जे पथ्यात बसेल ते. उतरताना विश्रांती चढण्याइतकीच घ्यावी, जरी दम लागला नसला तरी. मांड्या थरथरू लागल्या की ती थांबण्याची खूण आहे. शेवटच्या ५० पायऱ्यांपूर्वी एकदा मुद्दाम बसावे. कोणी पडले आणि डोक्याला मार लागला, आणि ती व्यक्ती रक्त पातळ करण्याची औषधे घेत असेल, तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. आतला रक्तस्राव काही तासांनी लक्षणे दाखवतो. पडल्यावर खुब्यात दुखत असेल आणि पाय टेकवत नसेल, तर चार जणांनी काखेत हात घालून चालवत आणू नये. आहे तेथेच झोपवून मदत मागवावी.

घरी परतल्यावर गरम पाण्याने अंग शेकून लगेच झोपण्याऐवजी घरातल्या घरात थोडे फिरावे. मधुमेहींनी झोपण्यापूर्वी साखर पाहावी आणि रात्रीचे जेवण टाळू नये. मांड्या दोन-तीन दिवस दुखतील. चालते-फिरते राहिल्याने आणि लागल्यास पॅरासिटामॉलने ते निभते. गुडघ्यावर सूज आली असेल, सांधा गरम लागत असेल, एकच पोटरी सुजून दुखत असेल किंवा लघवीचा रंग चहासारखा गडद झाला असेल, तर मात्र तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखान्यात यावे, आणि येताना सहलीचा फोटो असेल तर तोही घेऊन यावा. बूट कोणते होते, काठी कोणत्या हातात होती आणि सोबतीला कोण कोठे उभे होते, हे त्यात दिसते.